फेणेचा ट्टॉक आणि माझी वेबसाइट

फास्टर फेणे, म्हणजे बनेश फेणे, पस्तिशीत काय करत असेल, हा प्रश्न त्याला जन्म देणाऱ्या भा. रा. भागवतांनी माझ्यावर सोपवलेला नाही, तो मी आपणहून डोक्याला लावून घेतला. 2017च्या सिनेमातला अमेय वाघचा मोठा झालेला फेणे मला आवडला, पण माझ्या मनातला वेगळा होता. माझा अजून सायकलच चालवतो आणि पुण्याच्या वाहतुकीला वैतागून फुरसुंगीला परत गेलाय. (फुरसुंगीची वाहतूक मी पाहिली आहे. कथेत ती सोयीनं वगळली.) कथा होत गेल्या, आणि त्या ठेवायच्या कुठे, हे कोडं सुरू झालं.

फॅनफिक्शन लिहिणाऱ्यांचं हक्काचं ठिकाण म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. स्वयंसेवक चालवतात, जाहिराती नाहीत, 2019 साली या संग्रहालाच ह्यूगो पुरस्कार मिळाला. खातं उघडायला आमंत्रणाच्या रांगेत नाव द्यावं लागतं. अर्धवट कच्चा खर्डा तिथे महिनाभराच्या आसपास आपोआप उडतो, म्हणून लिहायचं दुसरीकडे आणि तिथे फक्त चढवायचं. कथेवर पैसे मागायला परवानगी नाही, आणि ते मला पटतं. भागवत 2001मध्ये गेले. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2061 संपेपर्यंत फेणे त्यांच्या वारसांचाच. मला त्या जागेचं सर्वांत आवडतं ते एक बटण: कोणतीही कथा ईपब करून उतरवून घेता येते. पण माझे मराठी वाचक तिकडे फिरकेनात. म्हणून स्वतःची वेबसाइट करायला घेतली.

निओसिटीज 2013पासून आहे. फुकटात एक जीबी जागा, पान ब्राउझरमध्येच लिहायचं, साठवलं की लगेच दिसतं. पाच हजार शब्दांची मराठी कथा साध्या एचटीएमएलमध्ये शंभर केबीच्या आसपास बसते. सात पिढ्या लिहीत बसल्या तरी जागा पुरेल. सजावट मात्र तयार साच्यांतून उचललेली, आणि ते साचे रोमन लिपीसाठी बेतलेले. शीर्षकांच्या अक्षरांत अंतर सोडण्याची त्यांना भारी हौस. इंग्रजीत ते झोकदार दिसतं, देवनागरीत शिरोरेघेचे तुकडे पडतात. सीएसएसमध्ये ‘लेटर स्पेसिंग’ शून्यावर आणलं, ओळींमधलं अंतर वाढवलं, तेव्हा कुठे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकायचा थांबला. पानाच्या सुरुवातीला ‘लँग’ या जागी ‘एमआर’ लिहिणंही तितकंच गरजेचं. ज्या फॉन्टात सोय असते, त्यात तेवढ्यानं हिंदी वळणाचे ल आणि श जाऊन आपले येतात.

मग भाच्याचा फोन आला. ‘मावशी, तुझा ट्टॉक माझ्या फोनवर मोडलाय.’ फेणेच्या तोंडून निघणारा हा आवाज पानावर खरंच मोडला होता. माझ्या लॅपटॉपवर टखाली ट नीट बसलेला, त्याच्याकडे पहिला ट पाय मोडून शेजारी उभा. दोन्ही यंत्रं आपापला फॉन्ट वापरत होती, एवढंच कारण. गुगल फॉन्ट्सवरून मुक्त परवान्याचा मुक्ता घेतला, फाइल वेबसाइटवरच ठेवली. मुक्ता मुंबईच्या एक टाइपनं केलेला, देवनागरी जाणणाऱ्या हातांचा. आता ट्टॉक सगळीकडे एकसारखा वाजतो.

जुन्या कथांनी जास्त छळलं. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. बदलून देणारे फुकट कन्व्हर्टर भरपूर आहेत, पण अर्ध्या ‘र’च्या दोन रूपांपुढे मला सापडलेले बरेचसे हात टेकतात. सह्याद्रीच्या दऱ्यांत शिरलेला माझा फेणे कन्व्हर्टरमधून बाहेर पडला तो थेट दर्यात. असे शब्द एकेक शोधून हातानंच दुरुस्त करावे लागले. कथेतल्या गावाकडच्या आजीच्या बोलण्यात शब्द अडला, तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उघडते. शोध एका शब्दाचा असतो आणि तास निघून जातो, हा त्याचा एकमेव दोष.

मोठी, फुकट, सगळं करून देणारी ॲपही मी वापरून पाहिली. त्यांतलं एक काही दिवसांच्या नोटिशीवर बंद झालं आणि तिथल्या वाचकांचे अभिप्राय गेले ते गेलेच. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: माझा मजकूर साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? नसेल येत, तर ते कितीही देखणं असो, मला नको. कथा चढवली की पानाचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून एक प्रत जतन करते. चार क्षणांचं काम आहे.

आणि ईपब बाबांना पाठवते. त्यांना वेबसाइटपेक्षा तेच सोयीचं पडतं. ते शुद्धलेखन तपासून यादी परत पाठवतात. परवाच्या यादीत शेवटी एक हरकतही होती: एवढा हुशार मुलगा सायकलला कुलूप कसा लावत नाही?