रंगांच्या गोट्या, डेसिबलचे आकडे

डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी पेटी. महिनाभर घरी दोन होत्या: मित्राचा कॉर्ड ह्यूगो २ आणि माझा आरएमई एडीआय-२. १ किलोहर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरने दोघांची पातळी जुळवली. मग मित्र न सांगता अदलाबदल करत गेला आणि मल्लिकार्जुन मन्सूर कुठल्या पेटीतून गातायत, ते मला सांगता येईना. पातळी जुळवली नसती तर जरा मोठ्याने वाजणारी पेटी नक्कीच 'सरस' ठरली असती.

फरक आहे तो बटणांचा. ह्यूगोवर गोट्यांसारखी बटणं. आवाज किती, फिल्टर कुठला, सगळं रंगावरून ओळखायचं. देखणं आहे, पण बाबांना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. हेडफोन कानावर असताना हा प्रश्न छोटा नाही. आरएमईवर डेसिबलचे ठळक आकडे, आणि मेन्यूंचं जंगल (मला आवडतं, घरात बाकी कुणालाच नाही).

त्या जंगलात दोन्ही कानांसाठी स्वतंत्र इक्वलायझर आहे. बाबांना डाव्या कानाने बारीक आवाज कमी येतात. तेवढ्याच बाजूला वरच्या फ्रीक्वेन्सी थोड्या उचलल्या.

"अरे," बाबा म्हणाले, "मागे तंबोरा आहे की!"