मगरिबनंतरची वाट

गडहिंग्लजला रेल्वे नाही. हिरण्यकेशीच्या काठचे हे आमचे तालुक्याचे गाव संकेश्वरहून आजरा, आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. बाहेर पडायचे तर एसटी स्टँड, नाहीतर संध्याकाळी सुटणारी मुंबईची ट्रॅव्हल्स. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातली कितीतरी माणसे अशीच एक पेटी आणि एक वळकटी घेऊन गिरण्यांत कामाला गेली. त्यामुळे मुंबई आमच्याकडे कुणाला परकी नाही. तरीही २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या मुलीला मुंबईत फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला, तेव्हा घरात पेढ्यांआधी काळजी वाटली गेली.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. मुलींनी शिकावे, हे दुसऱ्यांच्या घरी जाऊन समजावण्यात आमची वीस वर्षे गेली. आता पाळी आमची होती, आणि आमचीच जीभ जड झाली होती.

अम्मांनी, म्हणजे मुलीच्या दादीने, सरळच विचारले, "कायकू भेजतंय बच्ची को उत्ती दूर?"

अम्मांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे मामू, लोअर परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, तरी त्यांनी मुंबई सोडली नाही. मदनपुऱ्यात शिलाईचे काम धरले. जानेवारी १९९३ मध्ये मात्र ते पत्र्याची पेटी घेऊन गावी आले आणि परत गेले नाहीत. काय पाहिले, ते त्यांनी कधी नीट सांगितले नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. अम्मांच्या लेखी मुंबई म्हणजे ती पत्र्याची पेटी. ती अजून आमच्या माळ्यावर आहे.

त्यात आणखी एक बातमी मनात ताजी होती. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फलटणला जाणाऱ्या एका तरुणीला, "तुमची गाडी तिकडे लागली आहे," असे सांगून उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेले आणि तिच्यावर अत्याचार झाला, अशी फिर्याद नोंदली गेली. स्वारगेट म्हणजे आमच्या भागातल्या माणसांचे रोजचे स्थानक. मुलगी ती बातमी वाचून एवढेच म्हणाली, "अब्बा, ती फक्त घरी निघाली होती."

चार दिवस घरात नुसती भीतीच बोलत होती. शेवटी आम्ही वर्गात करतो तेच केले. वही घेतली आणि भीतीचे रकाने पाडले. सगळी भीती एकत्र बांधली की तिचे ओझे उचलत नाही. वेगळी केली की कुठे काय करता येईल ते दिसू लागते.

पहिला रकाना रस्त्याचा आणि रेल्वेचा. हा लिहिताना आम्हीच चकित झालो. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे जवळजवळ सहापट. मुंबईच्या लोकल रेल्वेवर रूळ ओलांडताना, डब्यातून पडून किंवा अशाच कारणांनी दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जीव गमावतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्या दिवशीच चौघांचा मृत्यू झाला. आम्ही चोराला घाबरत होतो, दाराला लटकण्याला नाही.

दुसरा रकाना माणसांकडून होणाऱ्या गुन्ह्यांचा. इथे आकडे वाचायची रीत माहीत हवी. मुंबईत गडहिंग्लजपेक्षा गुन्हे जास्त होणारच, कारण माणसेच कितीतरी पट आहेत. म्हणून दर लाख लोकसंख्येमागे किती, हे पाहावे लागते. तेही पुरत नाही. जिथे बाई पोलिसांत जायला कचरत नाही, तिथे नोंद वाढते. जिथे घरातल्या घरात मिटवतात, तिथला कागद कोरा राहतो. आणखी एक गोष्ट राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल दरवर्षी सांगतात: बलात्काराच्या दर शंभर गुन्ह्यांत नव्वदहून अधिक वेळा आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मित्र, कामावरचा माणूस.

हे लिहिताना आमची लेखणी अडली. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची शाळा आठवीत सुटली. कारण सर्वांना कळले होते आणि कुणी उच्चारले नव्हते. त्रास देणारा अंधाऱ्या गल्लीतला कुणी नव्हता, तो त्यांच्याच दस्तरखानावर बसणारा होता. पोलिसांत कुणी गेले नाही. आम्हीही त्या घरी दोनदा जाऊन आलो आणि "घरची गोष्ट आहे" ऐकून गप्प बसलो. आपले गाव सुरक्षित आहे असे आम्ही म्हणतो, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. त्या मुलीला ती ओळखच महागात पडली.

तिसरा रकाना जमावाचा. यावर आमच्याकडे उपाय नव्हता, आणि नाही ते आहे असे म्हणणे बरे नव्हे. एवढेच लिहिले की खोली कुठे घ्यायची, हे ठरवताना हा रकाना डोळ्यांसमोर राहील.

चौथा रकाना फोनचा. तो लिहिताना मुलगी हसली, कारण हा धोका गडहिंग्लजलाही घरबसल्या मिळतो. पोलीस असल्याचे सांगून, व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" झाल्याची धमकी देऊन पैसे उकळले जातात. कायद्यात अशी अटकच नाही. तरीही शिकलेली माणसे फसतात.

मग आम्ही तिघे मुंबईला गेलो. पाहायचे कॉलेज नव्हते, पाहायची होती वाट. कॉलेज दिवसा कळते, वाट मगरिबनंतर.

पहाटे साडेपाचला ट्रॅव्हल्सने चेंबूरच्या मैत्री पार्कला उतरवले. पाऊस भुरभुरत होता. उतरताक्षणी दोघे-तिघे "कुठं जायचं, बसा" म्हणत बॅगेला हात घालू लागले. त्यांतले बहुतेक पोटापाण्यासाठी धडपडणारेच असतील. पण नवख्या मुलीला ते कसे ओळखू यावे? आम्ही तिथेच पहिला नियम लिहिला: अंधारात पोचणारी गाडी घ्यायची नाही. कोल्हापूरहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी उजेडात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. घरून कोल्हापूरपर्यंत सोडायला आम्ही जाऊ.

राहण्यासाठी तीन पर्याय होते. पहिला, कॉलेजजवळ भाड्याची खोली. दलालाने फोनवर सगळे ठरवत आणले, मग नाव विचारले. नाव सांगितल्यावर थोडा वेळ आवाज आला नाही. "मालकांना विचारून सांगतो." त्याने पुन्हा फोन केला नाही. हा अनुभव आपल्या कितीतरी घरांना आहे. आम्ही त्यावर रडत बसलो नाही, पण मुलीच्या चेहऱ्याकडे पाहवले नाही, हेही खरे.

दुसरा पर्याय मुंब्र्याचा. तिथे आमचे दूरचे नातलग आहेत. १९९२-९३ नंतर मुंबईतून निघालेली कितीतरी कुटुंबे मुंब्र्यात आली आणि ते गाव वाढत गेले. खोली स्वस्त, शेजार आपला, मशीद जवळ, जेवण घरचे. तिसऱ्या रकान्याचा विचार केला तर सर्वांत दिलासा देणारी जागा. पण सकाळी आठला आम्ही तिथून लोकल पकडून पाहिली. आधीच भरून आलेल्या बायकांच्या डब्यात मुलगी आणि तिची अम्मी कशाबशा शिरल्या. एका परिचारिकेने मुलीचा दंड धरून तिला दारापासून आत ओढले. "नवीन आहेस ना? दारात उभं राहायचं नाही. एक लोकल गेली तर गेली." भायखळ्याला उतरेपर्यंत तासभर ती बाई आपल्या मुलीसारखी तिला सांभाळत होती. नावही विचारायचे राहिले. शहरात अनोळखी माणूस म्हणजे धोकाच, हे आमचे गणित तिथे चुकले. पण रोज दोन वेळा, साडेचार वर्षे हा प्रवास म्हणजे पहिला रकाना रोज अंगावर घेणे.

तिसरा पर्याय नागपाड्याजवळचे मुलींचे वसतिगृह. खोली लहान, तिघींत एक, खर्च मुंब्र्याच्या जवळजवळ दुप्पट. पण कॉलेज चालत पंधरा मिनिटांवर. मगरिबची नमाज झाल्यावर आम्ही ती वाट तिघांनी चालून पाहिली. कुठे दिवे आहेत, कुठे नाहीत. कोणती दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात. पोलीस चौकी कुठे आहे. दोनशे पावलांचा एक पट्टा अंधाराचा निघाला. मुलीनेच दुसरी वाट शोधली. ती तीन मिनिटे लांब, पण दुतर्फा दुकाने. मग तिने दुसरी बाजू दाखवली: "अब्बा, वाट मी बदलीन. पण दिवा कुणी लावायचा?"

या प्रश्नावर आम्हाला अदी बिन हातिम (रजि.) यांची हदीस आठवली. हिऱ्याहून निघालेली एकटी स्त्री अल्लाहशिवाय कुणाचेही भय न बाळगता काब्यापर्यंत प्रवास करील, असा काळ तुम्ही पाहाल, असे प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना सांगितले होते, आणि तो काळ आपण पाहिला, असे अदींनी पुढे सांगितले. सुरक्षिततेचे माप तिथे एकट्या स्त्रीच्या प्रवासाने घेतले आहे. तिला घरात ठेवणे हे सोपे उत्तर झाले. वाट सुरक्षित करणे हे समाजाचे आणि राज्याचे काम आहे. ते होईपर्यंत आपला उंट आपण बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा.

वसतिगृह मदनपुऱ्याच्या शेजारीच होते. दुसऱ्या दिवशी मामूंची गल्ली शोधत गेलो. घर सापडले नाही. बॅगा शिवणारे छोटे कारखाने मात्र ओळीने होते, आणि यंत्रांचा आवाज गल्लीभर भरून होता. मुलीने त्याचा व्हिडिओ काढून अम्मांना पाठवला.

परतताना कोल्हापुरात दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगसमोरून गेलो. १९०६ साली शाहू महाराजांच्या आधाराने मुस्लिमांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली, तिचे हे वसतिगृह. त्या काळी खेड्यातून कोल्हापूर हीच मुंबई होती. मुलगा शिकायला पाठवताना त्या आईबापांनाही काळजी असणारच. ती कमी झाली, कारण कुणीतरी भरवशाचे छप्पर उभे केले. मुलींसाठी अशी छपरे मोठ्या शहरांत अजून फार थोडी आहेत. आपल्या जमातीत लग्नाचे हॉल बांधायला वर्गणी लवकर जमते. दोन हॉलांमागे एक वसतिगृह बांधले, तर कितीतरी अम्मांचा प्रश्न सुटेल.

आम्ही नागपाडा निवडले. जास्तीचा खर्च काढण्यासाठी आमची चारचाकी घ्यायची बेत पुढे ढकलला. जाण्यापूर्वी वहीच्या शेवटच्या पानावर मुलीने स्वतः लिहून काढले. ११२ हा संकटात देशभर चालणारा क्रमांक. रेल्वेत १३९. फोनवरून पैसे गेले तर क्षणही न दवडता १९३०. मोबाईलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की येणारा आयएमईआय क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवायचा. फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो बंद करता येतो. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही.

त्याखाली आम्ही दोन ओळी लिहिल्या, आणि आम्हाला वाटते, सगळ्या पानात त्याच महत्त्वाच्या आहेत. काहीही घडले तर पहिल्यांदा आम्हाला सांगायचे; चूक कुणाची, हे आम्ही विचारणार नाही. आणि सांगितले म्हणून शिक्षण थांबवणार नाही. वाचकहो, मुली घरी सांगत नाहीत, ते बहुतेक वेळा याच भीतीने. गुन्हेगाराला हे ठाऊक असते आणि त्याचा तो फायदा घेतो. आठवीतल्या त्या मुलीला या दोन ओळी कुणी दिल्या असत्या तर, हा विचार आम्हाला आजही सोडत नाही.

निघायच्या दिवशी सामान भरताना अम्मांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. आम्हाला वाटले, पुन्हा नको म्हणतील. त्यांनी पदराने धूळ पुसली, आत लोणच्याची बरणी, संकेश्वरी मिरचीची चटणी आणि मुसल्ला ठेवला, आणि म्हणाल्या, "मामू की पेटी है. संभाल के रख."

आता रोज मगरिबनंतर फोन येतो. पहिले काही आठवडे अम्मा एकच विचारत: पोचलीस का? हल्ली विचारतात, त्या यंत्रांच्या गल्लीत मामूंना ओळखणारा कुणी म्हातारा भेटला का. अजून भेटलेला नाही. मुलगी म्हणते, शोधते आहे.