मळवलीला उतरा, कामशेतला चढा

आमच्या घरी गेली अकरा वर्षे मोटार येणार आहे. चिंचवडला बिऱ्हाड केले त्याच साली सोसायटीने आम्हाला मोटारीसाठी जागाही आखून दिली. पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या चौकोनात सध्या दोन सायकली, एक फुटका माठ आणि वरच्या मजल्यावरच्या आजींची तुळस असा परिवार सुखाने नांदतो. मोटारीचे पैसे मात्र कधी चिरंजीवांच्या फीमध्ये, कधी सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये, तर कधी घराच्या गळतीत वाहून जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंचाईत एवढीच झाली, की घरातला प्रत्येक प्रवास आम्ही त्या न आलेल्या मोटारीच्या मागे बांधून ठेवला. "लोहगड? जाऊ की! एकदा मोटार येऊ दे." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो, की शेवटी शेवटी ते मला खरे वाटू लागले.

आणि मग गेल्या हिवाळ्यात चिरंजीवांची निबंधाची वही माझ्या हाती पडली. विषय होता, 'मी पाहिलेला किल्ला'. ओंकारने लिहिले होते : "मी पाहिलेला किल्ला आमच्या जिन्याखाली आहे. तो दर दिवाळीत बांधतात व तुळशीच्या लग्नानंतर पाडतात. त्यावर हळीव पेरतात." पुढे दीड पान मावळ्यांची रचना होती. गुरुजींनी दहापैकी सात गुण देऊन 'कल्पना छान' असा शेरा मारला होता. ती कल्पना नव्हती, हे गुरुजींना कोठून ठाऊक असणार? तेरा वर्षांचा पोरगा, जन्म मावळाच्या उंबरठ्यावर, आणि त्याने पाहिलेला एकमेव किल्ला जिन्याखालचा!

मी वही मिटून गप्प बसलो. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "अहो, मोटार नसेल आपल्याकडे. स्टेशन तर आहे ना!"

वाचकहो, अकरा वर्षांत हे मला सुचले नव्हते. नंतर नकाशा उघडून बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या सह्याद्रीत आगगाडी आणि किल्ले एकमेकांचे सख्खे शेजारी आहेत, आणि तो काही योगायोग नव्हे. कोकणातून देशावर चढायला या डोंगराने मोजक्याच वाटा ठेवल्या. त्या वाटांनी व्यापारी तांडे चालले, म्हणून वाटेवर लेणी कोरली गेली. त्या वाटा राखायच्या, म्हणून माथ्यावर किल्ले उभे राहिले. पुढे इंग्रजांना रूळ टाकायचे झाले, तेव्हा त्यांनाही तेच घाट धुंडाळावे लागले. बोरघाटातला लोहमार्ग 1863 साली सुरू झाला, थळघाटातला 1865 साली. खंडाळ्याच्या घाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला दाखवली, असे लोक सांगतात. त्याचे देऊळ आजही घाटात आहे. म्हणून कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरले की समोर माहुली, लोणावळ्याला उतरले की पलीकडे राजमाची, आणि मळवलीला उतरले तर एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे, वर लोहगड आणि विसापूर. स्टेशनापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचे चार-सहा मैल एवढाच काय तो प्रश्न, आणि तो सोडवायला सायकल समर्थ आहे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी बापलेक निघालो. ओंकारची गिअरची सायकल त्याच्या मामाने दिलेली. माझी तशीच, पण एका मित्राकडून निम्म्या किमतीत घेतलेली. पुणे-लोणावळा लोकलला लगेजचा डबा असतो. सायकलीचे तिकीट वेगळे काढायचे आणि नोकरदारांच्या गर्दीची वेळ टाळायची, एवढे पथ्य पाळले की झाले. डब्यात पुण्याला दूध घालून परतणारे दूधवाले रिकाम्या किटल्या घेऊन बसले होते. मी सायकल दाराशी आडवी घालू लागलो, तसा एक मिशाळ गृहस्थ उठला. "आडवी नका घालू, मास्तर. उभी धरा." एवढे बोलून त्याने किटल्यांच्या दोरीने दोन्ही सायकली खांबाला अशा आवळल्या, की मळवलीला त्या सोडवताना त्यालाच पुन्हा उठावे लागले. मी मास्तर नाही. पण त्याने दिलेली पदवी मी दिवसभर बाळगली.

मळवलीहून भाज्याला जाताना द्रुतगती महामार्गावरचा पूल लागतो. त्या मार्गावर सायकलीला बंदी आहे. शनिवार सकाळच्या रांगेत मोटारींनाही होती की काय, असे वाटले. शेकडो मोटारी एकमेकींच्या पाठीला नाक लावून उभ्या होत्या. ओंकार कठड्याशी थांबून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, यांतली एक आपली असती ना, तर आपण पण तिथंच असतो." मी काही बोललो नाही, पण अकरा वर्षांचे ओझे थोडे हलके झाले खरे.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. सायकली पायथ्याशी साखळीने बांधून पायऱ्या चढलो. चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी मंडपात तसे करावे लागे, म्हणून कारागिरांनी दगडातही तसेच केले. शेजारी चौदा स्तूप ओळीने उभे. ओंकारने ते दोनदा मोजले.

भाज्याच्या पुढे मात्र रस्त्याने आपले खरे रूप दाखवले. लोहगड उजवीकडे, विसापूर डावीकडे आणि मधली गायमुख खिंड गाठायची. रस्ता कुठे बरा, कुठे उखडलेला, चढ मात्र सगळीकडे सारखाच इमानदार. सर्वांत हलका गिअर टाकूनही दुसऱ्या वळणाला माझा भाता फुलला. तिसऱ्या वळणाला मी सायकल हातात धरली. चौथ्याला एका दगडावर बसलो, तो उठेचना. छाती धडधडत होती आणि मनात नको नको ते विचार येत होते. खाली मळवलीच्या बाजूने गाडीची शिटी ऐकू आली. ओंकार वरून चालत परत आला होता. "बाबा, परत फिरायचं का? स्टेशन जवळच आहे."

त्याच्या आवाजात रुसवा नव्हता. ठरलेला बेत रद्द होण्याची त्याला इतकी सवय होती, की त्याने मला सुटण्याची वाट आपणहून काढून दिली होती. मला चढापेक्षा ते जास्त लागले. "दहा मिनिटं बसू," मी म्हटले, "आणि मग चालत जाऊ. चालत जायला कुणाची बंदी आहे?" सौभाग्यवतीने बांधून दिलेल्या गुळपोळ्या तिथेच सोडल्या. छाती शांत झाली. पुढचा चढ आम्ही पायीच चढलो. शेवटच्या वळणावर त्याने आपली सायकल पुढे लावून ठेवली आणि परत येऊन माझी ढकलत नेली.

लोहगडवाडीत सायकली एका घराच्या ओट्याला टेकवल्या. घरच्या आजींनी विचारले, "कुठनं आलासा?" चिंचवडाहून म्हटल्यावर त्यांनी सायकलींकडे पाहिले, मग आमच्याकडे. "आन् चाकावरनं?" आम्ही मळवलीपर्यंत गाडीने आल्याचे सांगितले, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्याच हातची पिठले-भाकरी खाऊन गडावर गेलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी एकामागून एक चार दारे. छत्रपती शिवाजी महाराजांनी हा गड 1648 साली घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात तो द्यावा लागला आणि 1670 साली परत मिळवला. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. ओंकार विंचूकाट्याच्या टोकापर्यंत जाऊन आला. डोंगराची ती लांब, चिंचोळी सोंड पाहून तो म्हणाला, "आपल्या किल्ल्याला ही नव्हतीच."

गडावरून दोन्ही बाजू दिसतात : इकडे रुळांची रेघ, तिकडे पवनेचे निळे पाणी. आणि इथेच मला या प्रवासातली खरी गंमत कळली. मोटारीने आलेला माणूस जिथे मोटार ठेवतो, तिथेच त्याला परतावे लागते. त्याचा प्रवास दावणीच्या गुरासारखा खुंट्याभोवती. आम्हाला खुंटा नव्हता. मळवलीला उतरलो म्हणून मळवलीलाच चढायला हवे असे थोडेच आहे? पुढचे स्टेशन कामशेत. गाडीने दोहोंत काही मिनिटांचेच अंतर. पण मध्ये हा गड घालून, पवनेच्या काठाने जाऊ म्हटले तर तीस-पस्तीस किलोमीटर. आम्ही मागे न वळता पलीकडे दुधिवरे खिंडीकडे उतरलो.

उतारावर मी दोन्ही ब्रेक धरून कासवासारखा, आणि ओंकार पुढे वाऱ्यासारखा. त्या वाऱ्याची हवा पवनेकाठी गेली, मागच्या चाकातून. पंक्चरचे सामान पिशवीत होते. पंप घरी, दाराच्या मागे. "पंप घेतलास का?" असे सौ.ने विचारले होते आणि मी "हो" म्हणालो होतो. ओंकार काही बोलला नाही. आता हे सगळे पुढच्या निबंधात येणार, या धास्तीने मी त्याची सायकल ढकलू लागलो. पवनानगरला मोटारसायकलींचे पंक्चर काढणारे एक दुकान सापडले. आमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखाच, त्यामुळे काम अडले नाही. दुकानदाराने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडा दाखवला आणि ओंकारकडूनच ठिगळ लावून घेतले. "आता हा शिकला. पुढल्या बारीला माझ्याकडं यायचं काम नाही," असे म्हणून आपलेच गिऱ्हाईक कमी केले.

या गोंधळात दिवस कलला. कामशेतच्या वाटेवर बेडशाची लेणी आहेत. खांबांच्या माथ्यावर घोडे, बैल, हत्ती यांवर बसलेल्या जोड्या कोरल्या आहेत. ती त्या दिवशी राहून गेली. पुढे फेब्रुवारीत पाहिली, आणि तेव्हा सौ.ही होती, भाड्याच्या सायकलीवर, माझ्या पुढे. कामशेतला आम्ही दिवेलागणीला पोचलो. लोकलला अवकाश होता. फलाटावर चहा घेताना ओंकारने विचारले, "बाबा, पवनेचं पाणी कुठं जातं?" मी म्हटले, "आपल्या नळाला." पिंपरी-चिंचवडला पवनेचेच पाणी येते, ही गोष्ट अकरा वर्षे ते पाणी पिऊनही मी त्याला कधी सांगितली नव्हती. तो चहाचा पेला हातात धरून तसाच थांबला.

कोणाला जायचे असेल त्यांच्यासाठी चार शब्द. पावसाळ्यात या वाटा निसरड्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी माणसांनी भरतात. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. दुपारी लोकल विरळ असतात, तेव्हा वेळापत्रक पाहूनच निघावे. मुंबईकरांना कर्जत आणि कसारा ही ठिकाणे लोकलने गाठता येतात. एक्स्प्रेसने लोणावळ्याला यायचे तर सायकल पार्सल ऑफिसात नोंदवून गार्डाच्या डब्यातून आणावी, आणि त्यासाठी तासभर आधी पोचावे. ज्यांना दगडधोंड्यांची खरीखुरी कच्ची वाट हवी, त्यांनी लोणावळ्याहून राजमाचीला जावे. पंधरा-सोळा किलोमीटरची ती वाट उधेवाडीत संपते, तिथे रात्री मुक्काम होतो. लेण्यांत आणि गडावर सायकल नेऊ नये. आणि पंप घ्यावा. दाराच्या मागे पाहावे.

मोटार अजून आलेली नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकोनात आता तीन सायकली आहेत. फुटका माठ हलवावा लागला. जिन्याखाली यंदाचा किल्ला उभा राहतो आहे. त्याला चार दरवाजे आहेत, आणि विंचूकाटा इतका लांब झाला आहे की येता-जाता पाय अडखळतो. पायथ्याशी सुतळीचे रूळ टाकले आहेत, काड्यापेटीची दोन स्टेशने आहेत. एकावर लिहिले आहे मळवली, दुसऱ्यावर कामशेत. हळीव पेरून झाले आहेत. सौ. म्हणते, यंदा तुळशीच्या लग्नानंतर हा पाडायचा नाही.