काय आणलं, काय मागे राहिलं

अमेरिकेत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पा चाळिशीनंतर मुलांच्या शाळांवरून हळूहळू एचबीए१सी या साखरेच्या चाचणीवर आणि हृदयातल्या स्टेंटवर येतात. कारणांची चर्चा निघाली की दोन उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणतं, आपल्या रक्तातच आहे. कुणी म्हणतं, इथल्या खाण्याने घात केला. इतकी वर्षं इथे काढल्यावर आणि या विषयावर हाती लागेल ते वाचल्यावर मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. आपण परदेशात येतो तेव्हा जगण्याची घडी अख्खी उचलून आणत नाही. जेवण येतं. ते जिरवणारं चालणं, जेवणाच्या वेळा आणि आजूबाजूची माणसं तिकडेच राहतात. हृदयावर आणि साखरेवर होणारा परिणाम या अर्ध्यामुर्ध्या स्थलांतराचा आहे, असं माझं मत आहे.

'रक्तातच आहे' या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली, हेही त्यांच्याच गटाने दाखवून दिलं. म्हणजे शिडशिडीत दिसणारा माणूस आतून तसा असेलच असं नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई लोकांची मधुमेहासाठी तपासणी बीएमआय २३ पासूनच करावी असं सांगितलं, ते म्हणूनच. पण रक्ताने एवढंच ठरतं की तोल कुठे जाऊ शकतो. तो जाईलच, हे ठरत नाही. १९९५ साली पश्चिम लंडनमधल्या पंजाबी स्थलांतरितांची तुलना पंजाबात राहिलेल्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली गेली. लायपोप्रोटीन (ए) हा वारशाने येणारा घटक दोघांत सारखाच निघाला. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि उपाशीपोटीची साखर मात्र लंडनवाल्यांची जास्त होती. एकाच आईबापांच्या लेकरांत एवढा फरक पडत असेल, तर दोष नुसत्या रक्तावर टाकून मोकळं होता येणार नाही.

मग खाण्यावर टाकायचा का? जपानी पुरुषांच्या अभ्यासाने इथे मोठा पेच उभा केला आहे. जपान, हवाई आणि कॅलिफोर्निया अशा तीन ठिकाणच्या जपानी पुरुषांत हृदयविकाराचं प्रमाण पायरीपायरीने वाढत गेलेलं दिसलं. जपानात सर्वांत कमी, कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. पण मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या जपान्यांकडे बारकाईने पाहिलं, तेव्हा जे आपल्या समाजाशी आणि रीतीभातींशी घट्ट जोडलेले होते, त्यांच्यात हे प्रमाण जपानइतकंच कमी आढळलं. पूर्ण अमेरिकन झालेल्यांत ते तिपटीपासून पाचपटीपर्यंत जास्त होतं. आणि आहार, धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही हा फरक पुसला जात नव्हता. मला या निष्कर्षाचं फार मोल वाटतं, कारण माणसांचा सहवास हा आरोग्याचा भाग आहे ही गोष्ट त्यात आकड्यांनी पुढे आली.

यावर कुणी म्हणेल, ठरलं तर मग. आपलं आपण धरून बसावं. तसंही नाही. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवर 'मसाला' नावाचा दीर्घ अभ्यास २०१० पासून सान फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागोत चालू आहे. त्यात दोन्ही संस्कृतींत वावरणाऱ्या स्त्रियांत मधुमेह कमी दिसला आणि फक्त आपल्याच वर्तुळात राहणाऱ्यांत जास्त. शिक्षण आणि पैसा यांचाही त्यात वाटा असणार, आणि पुरुषांत असा फरक ठळक नाही, हे मान्य. तरीही आमच्या घरांत डोकावलं की हे का घडत असावं ते कळतं. परंपरा म्हणून आपण नेमकं काय जपलं? ज्वारीची भाकरी मागे पडली, कारण थापायला वेळ नाही. फ्रीझरमधले पराठे आले. भात आणि बटाटा टिकला. गॅरेजमधून निघालेली गाडी थेट ऑफिसच्या पार्किंगमध्ये थांबते, आणि बऱ्याच उपनगरांत फूटपाथच नाही. सण तर सगळे शनिवार-रविवारी सरकवलेले. संक्रांत असो की गणपती, एकदा महाराष्ट्र मंडळात, एकदा देवळात, एकदा मित्रांच्या घरी, असा तो तीनदा साजरा होतो आणि तीनदा जेवला जातो. वर्षातून मोजक्या दिवशी होणारी पुरणपोळी आणि श्रीखंड अशा रीतीने नेहमीच्या खाण्यात येतात. याला परंपरा पाळणं म्हणवत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप चेन्नईचा आहे. तिथल्या लोकांची तुलना 'मसाला'तल्या भारतीयांशी केली, तेव्हा मधुमेह चेन्नईत ३८ टक्के आणि अमेरिकेत २४ टक्के निघाला. मग स्थलांतराला कशाला दोष द्यायचा? एक तर व्हिसाची चाळणी लागून इथे येतात ते बहुतेक शिकलेले आणि धडधाकट असतात, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. शिवाय मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक अमेरिकेतच जास्त होते. आणि गाडी, बैठं काम, रात्री उशिराचं जेवण हे सगळं चेन्नई-पुण्यात देश न सोडताही पोचलं आहे. जुनी घडी तिथेही मोडलीच. फक्त विमानात बसावं लागलं नाही.

हे सगळं माणसाच्या माथी मारणं मात्र मला पटत नाही. एच-वन-बी व्हिसावरची नोकरी गेली की नवी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात. ही टांगती तलवार डोक्यावर असलेल्याला 'ताण घेऊ नका' असं सांगणाऱ्या डॉक्टरने आधी त्याच्या कामाची आणि व्हिसाची चौकशी करावी. कायदे बदलणं आपल्या हातात नाही. पण माणसं एकत्र आणण्याचं काम महाराष्ट्र मंडळं आजही निष्ठेने करतात, आणि मार्मटचा अभ्यास वाचल्यावर मला त्याचं महत्त्व दुप्पट वाटतं. त्याच जेवणावळीत भात थोडा कमी करून मटकीची उसळ आणि कोशिंबीर सढळ हाताने वाढावी, जेवणानंतर सगळ्यांनी मिळून अर्धा तास चालून यावं, हे ठरवायला मंडळाच्या समितीची एक बैठक पुरेशी आहे.