आधी आजचा नकाशा

पंडरी, रायपूर
९ नोव्हेंबर २०२४

लग्नसराई तोंडावर आहे, कपडा मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नाही. परतताना शेजारच्या भाभीजी भेटल्या. बोलणं नेहमीप्रमाणे जुन्या बस स्टँडवर आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बसगाड्या भाटागावच्या टर्मिनलला गेल्या, तेव्हापासून मोहल्ल्यात हा विषय संपलेला नाही. कुणी पार्किंग म्हणतो, कुणी कॉम्प्लेक्स. भाभीजींनी विचारलं, "दादा, हमसे कोई पूछेगा क्या?" रात्रभर तो प्रश्न डोक्यात होता.

१० नोव्हेंबर

नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ पुन्हा वाचला. कायदा मध्य प्रदेशाचा; २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं तरी इथे तोच चालतो. कलम १८ पुष्कळांना ऐकून माहीत आहे : विकास योजनेचा मसुदा निघाला की तीस दिवसांत दावा-आपत्ती, म्हणजे हरकत, द्यायची. त्याआधीचं कलम १५ मात्र कुणाच्या तोंडी नसतं. जमिनीचा आज काय वापर होतो, त्याचा नकाशा आधी प्रसिद्ध करायचा आणि त्यावरही तीस दिवस लोकांचं म्हणणं घ्यायचं, असं ते सांगतं.

माझी सारी नोकरी नकाशे काढण्यात गेली. निवासी पिवळा, व्यापारी निळा, उद्यानं हिरवी. आजच्या नकाशात तळ्याच्या जागी मोकळी जमीन रंगवली गेली, तर पुढच्या योजनेत तिथे पिवळा किंवा निळा रंग चढायला कुणाचीच हरकत उरत नाही. रायपूर हे तलावांचं गाव. रजबंधा तलावाचं मैदान झालेलं आपण पाहतोच आहोत. मसुदा आल्यावर धावणारे आपण एक पायरी उशिरा पोचतो.

शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पासाठी योजना बदलायची असेल तर कलम २३-अ आहे. दोन वर्तमानपत्रांत सूचना, आणि हरकतीला पंधरा दिवस. भाभीजींच्या घरी वर्तमानपत्र येतच नाही.

१२ नोव्हेंबर

जेठौनी, म्हणजे कार्तिकी एकादशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या. संध्याकाळी तुळशीचं लग्न आटोपून मुंबई-पुण्याची जुनी कात्रणं काढली.

मुंबईच्या विकास योजनेचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले निघाले. लोक वॉर्डावॉर्डांतून हरकती घेऊन गेले. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी मसुदा दुरुस्तीसाठी परत पाठवला. मंजुरी यायला २०१८ उजाडलं. पुण्यात २०१३ च्या मसुद्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या. तरी २०१५ मध्ये राज्य शासनाने ती योजना महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवली. एवढ्या लोकांनी कागद-पेन हाती घेतलं आणि निर्णय त्यांच्यापासून आणखी लांब गेला, हे मला अजून खुपतं.

१५ नोव्हेंबर

मोहल्ल्याचा आजचा नकाशा आपणच काढायचा ठरवलं. आज भाभीजी, त्यांचा मुलगा आणि मी पंडरीत फिरलो, हातात कोरा ताव. एक्सप्रेस-वेपाशी थांबलो. इथूनच धमतरीची छोटी लाइन जायची, १९०० सालची. २०१७ मध्ये शहरातली गाडी बंद झाली आणि रुळांच्या जागी हा रस्ता आला. त्या गाडीने कोण यायचं, काय विकायचं, हे भाभीजींनी मुलाला सांगितलं. मुलगा लिहून घेत होता.

मार्केटच्या जिन्याखाली फॉल-पिकोवाले बसतात. साडी विकत घेतली की बाई पाच पावलांवर फॉल लावून घेते. ते नसतील तर अर्धा बाजार अडेल. नकाशावर जिना दिसेल, मशीन दिसणार नाही. इस्त्रीवाला, चहाची टपरी, ठेलेवाले यांचंही तेच. पण फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सभासद स्वतः फेरीवाले, त्यांनीच निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. विकास योजनेवरच्या हरकती ऐकणाऱ्या समितीत महापौर, खासदार, आमदार, व्यावसायिक संस्थांचे प्रतिनिधी असतात. मोहल्ल्यातल्या माणसाची खुर्ची नाही. जी खुर्ची ठेलेवाल्याला देता येते ती रहिवाशाला का नाही? अंमलबजावणी कशी होते ही गोष्ट वेगळी, पण निदान कायद्यात तरी ती हवी.

१७ नोव्हेंबर

ओसरीवर ताव पसरला. शेजारी आले, प्रत्येकाने काही ना काही भरलं : पावसात पाणी कुठे तुंबतं, रात्री कुठे दिवा नसतो, मुलं कुठे खेळतात, जिल्हा रुग्णालयात आलेल्यांचे नातेवाईक कुठे बसतात. एक आजोबा खसऱ्याचे उतारे घेऊन आले, जागांचे नंबर अचूक बसले. बस स्टँडच्या जागेबद्दल मात्र एकमत झालं नाही. व्यापाऱ्यांना पार्किंग हवं, बायकांना सावली आणि बसायला जागा. दोन्ही लिहिलं, कुणाचंही खोडलं नाही.

मी पक्की प्रत काढतो आहे. एक पार्षदांना, दुसरी नगर निवेश कार्यालयात. दोन्हींची पोच घ्यायची, तारखेसह.