झाडीच्या वाटेनंच जा

चि. राणी,


तुझं पत्र मिळालं. कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वराहून नर्मदा परिक्रमा उचलायची ठरवलीस, हे वाचून फार आनंद झाला. नोकरीतून सवड काढून निघते आहेस, तेव्हा तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांचा जुना नेम तुला पाळता येणार नाही. मनाला लावून घेऊ नकोस. लेखक अमृतलाल वेगडांनी तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली चालायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी नर्मदाकाठ पायाखाली घातला. नर्मदामैया सवडीनं येणाऱ्यालाही आपलं म्हणते.

बडवानीपर्यंत वाटेचा प्रश्न नाही. पुढं दोन वाटा फुटतात आणि तू नेमकं तेच विचारलं आहेस. एक डांबरी: खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा करत राजपिपळ्याकडं जाणारी. दुसरी शूलपाणीच्या झाडीची, पाटी-बोकराट्यावरून सातपुड्यात शिरणारी. तुझी आई सडकेचाच आग्रह धरेल. मी सांगते, झाडीतून जा.

सडकेनं गेलीस तर मैया उजव्या हाताला आहे, हे फक्त मनात धरायचं. तिच्यात आणि तुझ्यात अख्खा सातपुडा उभा असतो. प्रकाशाला तर तू तापीच्या काठी असशील! पुण्य कमी पडेल असं मी म्हणत नाही, त्याचा हिशेब करणारी मी कोण? पण नर्मदेचं आज काय झालंय, ते सडकेवरून दिसत नाही.

झाडीतही नदीकाठची जुनी वाट आता मिळणार नाही. ती सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. १९६१ साली पायाभरणी झालेलं हे धरण २०१७ला पूर्ण उंचीचं, म्हणजे १३८.६८ मीटरचं होऊन लोकार्पण झालं आणि २०१९च्या पावसाळ्यात पहिल्यांदा काठोकाठ भरलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही त्याच पाण्यात आहे. दर्शन आता गोऱ्याच्या नव्या देवळात. भादलजवळ डोंगराच्या सोंडेवरून खाली बघशील तेव्हा पात्र शोधावं लागेल. दरीभर निश्चल पाणी पसरलेलं आणि काठाशी वाळक्या झाडांचे शेंडे वर आलेले. ओंकारेश्वराला खळाळती मैया पाहून आलेल्या माणसाला ते पाणी बघवत नाही. तरी बघ.

मैया ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा पहिला नियम. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. पण धरणाचा फुगवटा उपनद्यांच्या मुखातून आत शिरलाय, तेव्हा ते पाणी उपनदीचं की मैयाचं? म्हणून वाहतं पाणी लागेपर्यंत ओढ्याकाठानं वर चढत जायचं, तिथं ओलांडायचं. चढ-उतारानं पोटऱ्या भरून येतात. सागाच्या वाळक्या पानांवरून उतरताना पाय सटकतो, तिथं काठीचा खरा उपयोग कळतो. एकटी मात्र चालू नकोस. बडवानीला जोडीदार मिळतील.

आता मामांविषयी. झाडीत भिल्ल मामा परिक्रमावासीयांना लंगोटीपर्यंत लुटतात, हे तू पुस्तकांतून वाचलंच असशील. तसं घडत असे, आणि मैयाच त्यांच्याकरवी आपलं ओझं उतरवते असं जुने लोक श्रद्धेनं सांगत. आता ते थांबलंय. लुटण्याच्या कथा आपण इतकी वर्षं सांगत आलो, मग जेवू घालण्याच्याही तितक्याच सांगायला हव्यात. माझ्या परिक्रमेत बिलगावच्या अलीकडे एका पाड्यावर आम्हांला तिन्हीसांज झाली. कुडाचं घर, आढ्याला मक्याची कणसं टांगलेली. घरधनीण काही न विचारता चुलीशी बसली. गरम पाण्यात मक्याचं पीठ मळून तिनं दोन्ही तळव्यांवर रोटला थापला, मातीच्या तव्यावर टाकला, एका अंगानं भाजला की काढून चुलीच्या तोंडाशी उभा केला. तो फुगून खरपूस होईतो दुसरा थापून तयार. सोबत उडदाची डाळ आणि पाट्यावर वाटलेली लाल मिरची. तिची पोरं आमचं होईपर्यंत ताटाला शिवली नाहीत. पीठ काढायला ती वाकली तेव्हा डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज मला ऐकू आला. मोठ्या आश्रमांतलं सदाव्रत देणग्यांवर चालतं. इथलं चालतं ते उतारावरच्या एका शेतावर, आणि खालची गाळाची जमीन पाण्यात गेली की हेच उतार काय ते उरतात.

महाराष्ट्रातलं मणिबेली १९९३ सालीच बुडायला लागलं. बिलगावला २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून उदई नदीच्या धबधब्यावर छोटा वीजप्रकल्प उभा केला, पंधरा किलोवॅटचा. घराघरांत दिवे लागले. तीन वर्षांत, २००६च्या पावसाळ्यात, धरणाचं पाणी चढलं आणि तो बुडाला. परिक्रमेत आपण ज्या मैयाची ओटी भरतो, तिच्याच काठच्या लोकांवर हे गुदरलं, आणि तरी वाटेवर ‘नर्मदे हर’ म्हटलं की दारातून ‘नर्मदे हर’ येतं, पाठोपाठ पाण्याचा तांब्या येतो. मला तर परिक्रमेतलं सगळ्यांत मोठं दर्शन तिथंच घडलं.

म्हणून तिथं पाहुणीसारखी वाग. आयतं मागू नकोस. घरात धान्य बेताचं दिसलं तर आपल्या झोळीतले डाळ-तांदूळ काढून चुलीपाशी ठेव. लाकडं आण, पाणी भर. पोरं हात पसरत धावत येतील, त्यांना गोळ्या-बिस्किटं वाटू नकोस. आपणच त्यांना ही सवय लावली आणि वाटभर चकचकीत कागद करून ठेवले. त्यापेक्षा नर्मदा नवनिर्माण अभियानाच्या जीवनशाळा लागतील, तिथं घटकाभर बस. लोकांनी धरणविरोधी आंदोलनाच्या धामधुमीत, सरकारी शाळा नुसत्या कागदावर होत्या म्हणून त्या काढल्या. चिमलखेडी आणि निमगव्हाणला पहिल्या सुरू झाल्या. मुलं पावरी-भिलीत बोलतात, मराठीही शिकतात. तुला गणित चांगलं येतं, शिकव. एखादं गाणं त्यांच्याकडून शिकून ये.

थंडी कडक असते, कानटोपी आणि एक जाड चादर पुरे. पायांना रोज रात्री खोबरेल चोळ. नर्मदाजलाची बाटली झोळीत वरच ठेव, संध्याकाळी आरतीला हाताशी हवी.

धडगाव सोडलंस की फोनला रेंज धड मिळणार नाही. आईला हे निघण्यापूर्वीच सांग, नाहीतर ती मला दिवसातून चारदा विचारेल. माथासर, झरवाणी करत गोऱ्याला उतरलीस की आधी तिला फोन कर, मग मला.

तुझी,
मावशी