कारळ्याचा घास

आमची लेक इंग्लंडमध्ये नर्स आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत तिने आम्हां दोघांना तिकडे बोलावून घेतले. रेल्वेच्या वर्कशॉपात हयात गेलेला एक माणूस आणि चार घरची कामे करून पोरांना शिकवणारी त्याची बायको, असे आम्ही दोघे. विमानात पहिल्यांदा बसलो ते नातवाच्या ओढीने.

गावाचे नाव वुल्व्हरहॅम्प्टन. बर्मिंगहॅमहून आगगाडीने वीसएक मिनिटांवर. एकेकाळी कुलपे, सायकली आणि मोटारी बनवणारे हे कामगारांचे गाव. पन्नास-साठच्या दशकांत पंजाबातून आलेले आपले अनेक बांधव इथल्या ओतकामाच्या कारखान्यांत घाम गाळायला लागले. म्हणूनच इथे बुद्धविहार आहे आणि रस्त्यात 'जय भीम' म्हणणारा माणूस भेटतो. पण आज सांगायचे आहे ते माणसांविषयी नव्हे, पाखरांविषयी.

फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे थंडी सरत आलेली असते. तिकडे मात्र सकाळी सात वाजून गेले तरी उजाडत नाही आणि पाच-साडेपाचला पुन्हा अंधार. लेक ड्यूटीवर, जावई कामावर, नातू शाळेत. आम्ही दोघे स्वेटरवर स्वेटर घालून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसायचो. खिडकीबाहेर परसबाग. बाग कसली, चाळीतल्या दोन खोल्यांएवढे गवत, एक बिनपानाचे सफरचंदाचे झाड आणि लोखंडी खांबाला टांगलेल्या दोन लांबट नळ्या. नळ्यांना बारीक भोके आणि बसायला काड्या. त्यात पाखरांसाठी दाणे भरतात. तिकडे त्याला फीडर म्हणतात.

एके दिवशी लेक म्हणाली, "आई, नळीतले दाणे संपलेत. कोपऱ्यात पिशवी आहे, जरा भरशील?"

पिशवीत हात घातला आणि आजी थबकली. काळे, चकचकीत, लांबोडके, जिऱ्याहून बारीक दाणे. तिने दोन दाणे दाताखाली धरले आणि म्हणाली, "अहो, हे तर कारळे!"

खरोखरच कारळे होते. कोणी कारळे म्हणतात, कोणी खुरासणी. लाल मिरची आणि लसूण घालून ज्याची चटणी करतो आणि भाकरीवर तेल सोडून खातो, तेच. पिशवीवर देशाचे नावही छापलेले होते, भारत. सह्याद्रीच्या डोंगरउतारावर, हलक्या मुरमाड जमिनीत, जिथे दुसरे काही धड येत नाही तिथे हे पीक येते. पावसाळा सरताना त्याच्या पिवळ्या फुलांनी अख्खा उतार उजळतो. ते पिकवणारे बहुतेक आदिवासी आणि लहान शेतकरी. त्यांच्या हातचा दाणा समुद्र ओलांडून इथल्या पाखरांच्या चोचीत पडतो, हे आम्हांला साठी उलटल्यावर कळले.

या दाण्याच्या इंग्रजी नावाचीही एक गोष्ट आहे. मूळ नाव 'नायजर'च, पण त्याचे स्पेलिंग असे की चुकीचा उच्चार केला तर काळ्या लोकांना हिणवणारी शिवी व्हायची. म्हणून १९९८ मध्ये अमेरिकेतील पाखरांच्या खाद्याच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्याचे नवे स्पेलिंग नोंदवून घेतले. पाकिटावर आता तेच असते. दाण्याला काय, नावाचे सुखदुःख नाही. माणसाला असते. एका शब्दाने माणूस किती खाली ढकलला जातो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

नळी भरून आत आलो आणि दहाच मिनिटांत पाहुणे हजर झाले. फिंच या जातकुळीचे हे पक्षी. आकाराने चिमणीएवढे, काही तिच्याहूनही लहान. जाड चोच, बिया फोडायला घडवलेली. त्यांत सर्वांत देखणा गोल्डफिंच. तोंड कुंकवात बुडवल्यासारखे लाल, पंखावर हळदीचा पट्टा. त्याची चोच मात्र बाकीच्यांपेक्षा बारीक आणि टोकदार, म्हणून कारळ्याच्या नळीवर त्याचा हक्क पहिला. वजन अवघे पंधरा-सोळा ग्रॅम. दुसऱ्या नळीत सूर्यफुलाचा गर असायचा. त्यावर ग्रीनफिंच येई, शेवाळी हिरवा, दांडगा. एकदा बसला की उठायचे नाव नाही, आणि शेजारी कोणी आले की चोच वासून अंगावर जाई. सिस्किन हा सर्वांत चिमुकला, पिवळट हिरवा, पण भांडणात कोणाला हार जाणार नाही. गुलाबी छातीचा चॅफिंच बहुधा खाली गवतात सांडलेले टिपत फिरे. पाखरांतही पंगतीवरून भांडणे असतात, हे पाहून नातू खदखदून हसायचा.

चॅफिंचची आणखी एक गंमत. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये त्याला जे शास्त्रीय नाव दिले त्याचा अर्थ 'अविवाहित'. कारण स्वीडनच्या हिवाळ्यात त्याला नरच तेवढे दिसत. माद्या थंडीला कंटाळून दक्षिणेकडे निघून गेलेल्या असत. हे ऐकून आजी म्हणाली, "शहाण्या आहेत बायका!"

शेजारी एक इंग्रज आजीबाई राहत. कुंपणापलीकडून त्या आम्हांला एकेक गोष्ट सांगायच्या आणि लेक किंवा नातू त्याचे मराठी करायचे. आम्हांला वाटले होते की कडाक्याची थंडी डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा पाखरांची आबाळही तेव्हाच. त्या म्हणाल्या, तसे नाही. शरदात पिकलेल्या रानातल्या बिया, बोंडे, फळे यांवर जानेवारी निघून जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुने संपलेले असते आणि नवे आलेले नसते. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत कणगी रिकामी होते, तशातली ही गत. त्यातून रात्री लांब आणि गारठ्याच्या. एवढासा जीव दिवसभर खाऊन अंगावर जी चरबी साठवतो, ती एका रात्रीत ऊब राखण्यासाठी जाळतो. सकाळी उठला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. हातावरचे पोट म्हणजे काय, ते आम्ही या पाखरांकडे पाहून पुन्हा आठवले.

त्यांनीच सांगितले की एकेकाळी हेच गोल्डफिंच इंग्लंडमध्ये फासे लावून पकडत आणि पिंजऱ्यात घालून विकत. रंग देखणा आणि गळा गोड, एवढाच त्यांचा गुन्हा. १८८९ मध्ये काही बायकांनी टोप्यांवरच्या पिसांसाठी होणाऱ्या पक्ष्यांच्या हत्येविरुद्ध संस्था काढली. पुढे रानपाखरांना पकडून विकण्याविरुद्धही चळवळ झाली आणि १९३३ मध्ये कायदा आला. आपल्याकडेही लाल मुनिया पिंजऱ्यात घालून बाजारात विकायला आणलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही हा धंदा चोरून चालत राहिला. मोकळ्या पाखराला आपल्या पायांनी दाराशी यावेसे वाटावे, यात जो आनंद आहे तो पिंजऱ्यात नाही.

असे आमचे दिवस मजेत चालले होते. नातवाने वहीत रकाने आखले होते. एका वेळी कोणते पाखरू किती दिसले, ते रोज लिहायचे. गोल्डफिंच अकरापर्यंत गेले होते.

१४ फेब्रुवारीला सकाळी एक ग्रीनफिंच नळीखाली बसलेला दिसला. अंग फुगवून चेंडूसारखा गोल झालेला. बाकीचे उडाले तरी हा हलेना. दाणा चोचीत घेई, चघळे आणि गिळता न आल्याने टाकून देई. चोचीभोवतीची पिसे ओली, चिकट. आजीने दार उघडले तरी तो उडाला नाही. आम्हांला वाटले, थंडीने काकडला असेल. म्हणून आणखी मूठभर दाणे त्याच्या पुढ्यात टाकले.

शेजारच्या आजीबाईंनी ते पाहिले आणि घाईने हात हलवू लागल्या. नातू शाळेत गेला होता. शेवटी रात्रपाळी करून झोपलेल्या लेकीला उठवावे लागले. तिने ऐकून घेतले आणि आम्हांला सांगितले ते असे. हा संसर्गाचा आजार आहे. एक अतिसूक्ष्म परजीवी पाखराच्या घशात वाढतो, घसा बुजतो आणि ते उपाशी मरते. पूर्वी हा आजार कबुतरांत दिसे. २००५ पासून तो इंग्लंडमधल्या फिंचांत दिसू लागला आणि ग्रीनफिंच लाखांनी गेले. माणसाला तो होत नाही. पण आजारी पाखराने टाकलेला ओला दाणा दुसऱ्याने उचलला की त्याला होतो, एकाच भांड्यातले पाणी प्यायल्यानेही होतो. म्हणजे आम्ही मायेने जो घास मांडला होता, तोच आजार पसरवायला कारण होत होता.

दुपारपर्यंत ते पाखरू मेले. लेकीने हातमोजे घालून त्याला पुरले. दोन्ही नळ्या खाली काढल्या, जमिनीवरचे दाणे झाडून गोळा केले, पाण्याचे भांडे उलटे केले. म्हणाली, "बाबा, आता दोन आठवडे एक दाणा घालायचा नाही. पाखरे इथे जमली नाहीत तरच साथ तुटेल."

खरे सांगतो, आम्हांला ते पटले नाही. उपास काय असतो ते आम्ही पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढलेल्या घरातली आम्ही माणसे. ऐन थंडीत कोणाच्या तोंडचा घास काढायचा, हे कसले शहाणपण? दुसऱ्या दिवशी गोल्डफिंच आले, रिकाम्या खांबावर बसले, इकडे तिकडे पाहिले आणि गेले. आजी त्या दिवशी खिडकीपाशी बसली नाही. दोघींत थोडी बोलाचालीही झाली.

मग शेजारच्या आजीबाईच एका दुपारी आम्हांला फिरायला घेऊन गेल्या. गावाबाहेर एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची पायवाट केली आहे. रूळ नाहीत, पण टेटनहॉलचे जुने स्टेशन अजून उभे आहे. रेल्वेतल्या माणसाला ते पाहून गलबलून आले. शेजारून कालवा जातो. पाण्याकाठी आल्डर नावाची झाडे, त्यांवर बारीक काळी बोंडे. आजीबाईंनी वर बोट दाखवले. शेंड्याला गोल्डफिंच आणि सिस्किन उलटे लटकून बोंडांतल्या बिया काढत होते. कोणी आपल्याच नळीवरचे असेल, कोणी नसेल. पण ते जगत होते. आमच्या मनावरचा मोठा धोंडा उतरला. आपण दिले तरच जग जगते, हा माणसाचा अहंकार आहे. आपण फक्त अवघड दिवसांत थोडा हात लावायचा.

परीक्षा पुढेच होती. महिनाअखेरीस रशियाच्या बाजूने थेट गार वारे सुटले. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला पूर्वेकडचे श्वापद असे नाव दिले. २७ तारखेला बर्फाची भुरभुर सुरू झाली. दोन आठवडे पुरे व्हायला एक दिवस उरला होता. आजी लेकीला म्हणाली, "अगं, एका दिवसाने काय होते? बघ बाहेर!" लेक शांतपणे म्हणाली, "आई, औषधाचा कोर्स एक दिवस आधी बंद केला तर चालतो का?" आजी गप्प झाली. आम्हीही.

२८ च्या सकाळी अंधारातच उठून नळ्या टांगल्या. उकळत्या पाण्याने आणि जंतुनाशकाने धुऊन, पुन्हा साध्या पाण्याने खळबळून, कोरड्या करून ठेवलेल्या. तो परजीवी कोरड्या जागी तग धरत नाही, म्हणून कोरडे करणे धुण्याइतकेच महत्त्वाचे. कारळे थोडेच घातले, एका दिवसात संपतील एवढे. खांबाची जागाही दोन हात सरकवली.

उजाडले तेव्हा सारे पांढरे. पुढचे तीन दिवस दिवसाही पारा शून्यावर चढला नाही. आणि पाखरे आली. सतरा गोल्डफिंच एकदम, नातवाच्या वहीतला विक्रम. १ मार्चला एक नवाच पाहुणा उतरला. छाती नारिंगी, उडताना पाठीवर पांढरा डाग. त्याचे नाव ब्रॅम्बलिंग. उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियातून हिवाळ्यापुरता इकडे येणारा. तो परका, आम्ही परके, आणि त्याच्या पायाखालच्या बर्फावर सांडलेले आपल्या मातीतले कारळे. आजी कितीतरी वेळ काचेला नाक लावून उभी होती.

ग्रीनफिंच मात्र आम्ही निघेपर्यंत दोनदाच दिसला. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये तो धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेल्याचे लेकीने फोनवर सांगितले. एकेकाळी घरोघरी दिसणारे पाखरू. आपल्याकडे चिमणीविषयी आपण जे म्हणतो, तेच.

परत आल्यावर आमच्या घरात एक बदल झाला. उन्हाळ्यात आम्ही गॅलरीत चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवतोच. पूर्वी त्यात नुसती भर घालत असू. आता रोज सकाळी ते रिकामे करतो, घासतो, उन्हात कोरडे करतो, मग नवे पाणी भरतो. दाणेही एका दिवसाला पुरतील एवढेच. वाचक बंधू-भगिनींनो, आपणही पाखरांना पाणी ठेवत असाल, तर एवढे कराच. मुलांना हे काम द्या, ती आवडीने करतात.

दान देताना हात सढळ असावा, असे आपण ऐकत आलो. लेकीने आणि त्या मेलेल्या पाखराने त्यात एक गोष्ट जोडली. भांडे स्वच्छ असावे. नुसती माया पुरत नाही, तिला समज लागते.

घरात कारळ्याची चटणी केली की आजी अजून चिमूटभर दाणे बाजूला काढते. विचारले तर म्हणते, "असू दे. त्यांच्या वाटणीचे."